डिस्क तर घेतली, मग पैसे अजून कसले?

पत्र : माझा मुलगा आठवीत आहे. दिवाळीला त्याच्या मामाने त्याला प्लेस्टेशन ५ आणि फुटबॉलच्या एका गेमची डिस्क दिली. डिस्क जवळपास पाच हजारांची, त्यामुळे आम्हाला वाटलं की खर्च तिथे संपला. पण गेल्या दोन महिन्यांत माझ्या कार्डावरून ६,३०० रुपये गेले. तो म्हणतो, पॅक घेतले, त्यातून खेळाडू निघतात. ऑनलाइन खेळायची वर्गणी वेगळीच. त्याचा मावसभाऊ कॉम्प्युटरवर खेळतो. त्यानेही एका गेमचा पुढचा भाग जादा पैसे देऊन घेतला, पण नंतर त्याला कधी एक रुपया लागला नाही. ह्यांचं म्हणणं, वस्तू विकत घेतल्यावर परत पैसे मागणं ही सरळ फसवणूक आहे, मशीनच विकून टाका. मुलगा म्हणतो, हल्ली सगळेच गेम असे असतात. यात खरं काय आणि मी काय करू?
— एक आई, नाशिक

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात उपयोगी माणूस तो मावसभाऊ आहे. त्याने दिलेले जादा पैसे आणि तुमच्या मुलाने दिलेले जादा पैसे दिसायला सारखे असले, तरी ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. हा फरक कळला की मशीन विकायची गरज पडणार नाही. मुलाचं ‘सगळेच असे असतात’ हे म्हणणंही तुम्हाला शांतपणे खोडता येईल, कारण ते खरं नाही.

मावसभावाने घेतली ती पुरवणी. एक गेम तयार झाला, विकला गेला, मग त्याच मंडळींनी त्यात आणखी वीस-तीस तासांची गोष्ट रचली आणि तिची वेगळी किंमत लावली. ‘द विचर ३’ची ‘ब्लड अँड वाइन’ २०१६ मध्ये आली, ‘सायबरपंक २०७७’ची ‘फँटम लिबर्टी’ सप्टेंबर २०२३ मध्ये, ‘एल्डन रिंग’ची ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ जून २०२४ मध्ये. पैसे एकदा द्यायचे, भाग उतरवून घ्यायचा आणि हवा तेव्हा खेळायचा. दुकानाची पाटी रोज बदलत नाही आणि ‘आज नाही घेतलंत तर गेलं’ असंही कोणी म्हणत नाही. सगळ्याच पुरवण्या इतक्या भरगच्च नसतात, हेही सांगायला हवं. एप्रिल २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये नुसतं घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं होतं आणि खेळणारे भयंकर चिडले होते. तरी ते चिलखत एकदा घेतलं की घेतलं. पैसे वाया गेले असं वाटू शकेल, पण व्यवहार तिथेच संपतो.

तुमच्या मुलाच्या गेममध्ये व्यवहार संपतच नाही. अशा गेमला लाइव्ह सर्व्हिस म्हणतात, म्हणजे सतत चालू ठेवलेली सेवा. जादा पैसे मागितले म्हणून गेम लाइव्ह सर्व्हिस ठरत नाही आणि ऑनलाइन आहे म्हणूनही ठरत नाही. खरी खूण अशी की खेळाचा प्राण तुमच्या डिस्कवर नसून कंपनीच्या सर्व्हरवर असतो, आणि तिथला माल, स्पर्धा, बक्षिसं, कधीकधी नियमसुद्धा कंपनी कॅलेंडर लावून बदलत राहते. तुमच्याकडे असतो तो आत जायचा दरवाजा.

हे जरा जवळून बघू. मुलाने एखादी झळाळती जर्सी ‘विकत’ घेतली, तेव्हा बहुतेक गेममध्ये ती जर्सी नव्याने डाउनलोड होत नाही. मागच्या अपडेटमध्ये ती सगळ्यांच्याच मशीनवर येऊन पडलेली असते, कारण समोरच्याने ती घातली तर तुमच्या मुलाच्या टीव्हीवर ती दिसायला हवी. काहीही न घेता दर महिन्याला अवाढव्य अपडेट का येतात, त्याचं एक कारण हेच. पैसे दिल्यावर बदलतं ते एवढंच : सर्व्हरवर मुलाच्या अकाउंटच्या नावापुढे ‘ही जर्सी याला वापरू द्या’ अशी नोंद होते. तुम्ही ती नोंद विकत घेतलेली असते. सर्व्हर आहे तोवर नोंद आहे आणि अकाउंट बंद झालं की तीही गेली.

मुलाला सांगा, एकदा नेट बंद करून गेम चालू कर आणि काय काय चालतं ते बघ. तुम्ही गेमचं नाव दिलेलं नाही, पण पॅकमधून खेळाडू काढून संघ बांधायचा हा प्रकार ‘फिफा ०९’मध्ये मार्च २००९ ला ‘अल्टिमेट टीम’ या नावाने आला आणि आता ईए कंपनीच्या ‘एफसी’ मालिकेत तो चालतो. त्या धर्तीचा गेम असेल तर नेट नसतानाही घरातल्या घरात दोघांनी मॅच खेळता येते. प्रशिक्षक होऊन एखादा क्लब अनेक मोसम चालवायचा करिअर मोडही उघडतो. हा भाग तुमच्या पाच हजारांत आला आहे आणि तो भरपूर आहे. उघडणार नाही ती अल्टिमेट टीम. म्हणजे एकाच डिस्कवर एक विकत घेतलेला खेळ आहे आणि एक सेवा आहे, आणि तुमचे ६,३०० रुपये त्या दुसऱ्या भागात गेले. काही गेममध्ये तर ही विभागणीच राहिलेली नाही. मार्च २०२२ मध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो ७’चे सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद होते, तेव्हा घरात एकट्याने गाडी पळवणाऱ्यांचाही बहुतेक खेळ अडला.

आता वर्गणीचं. प्लेस्टेशनवर विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लस लागतं. हे पैसे गेमचे नसून मशीनच्या कंपनीचे असतात. ‘फोर्टनाइट’सारख्या फुकट गेमना ते लागत नाही. ऑनलाइन मॅच खेळायला सगळ्यात खालची श्रेणी पुरते, आणि मूल वर्षभर खेळणारच असेल तर महिन्या-महिन्याने भरण्यापेक्षा वर्षाची वर्गणी स्वस्त पडते. आपोआप नूतनीकरण मात्र बंद ठेवा.

हे असं का करतात? कारण त्यांचाही खर्च दर महिन्याचा असतो. सर्व्हर, खेळाडूंच्या जोड्या लावणारी यंत्रणा, चिटिंग पकडणारी माणसं, नवा माल बनवणारे चित्रकार, सगळ्यांना दर महिन्याला पैसे लागतात आणि डिस्कचे पैसे एकदाच येतात. त्यामुळे सेवेचे पैसे मागणं ही फसवणूक नव्हे. तुमच्या यजमानांशी आम्ही इथपर्यंत सहमत नाही. पैसे कुठल्या रीतीने काढले जातात यावर मात्र आमचं मत कडक आहे, आणि इथे ते बरेचसे बरोबर आहेत.

नुसता दिखाऊ माल विकणं आम्हाला मान्य आहे. ‘बीजीएमआय’मध्ये यूसी (पैसे देऊन घ्यायचं त्या गेममधलं चलन) देऊन बंदुकीला रंग घेतला तर समोरच्यावर कुरघोडी होत नाही. ‘बॅटल पास’ हा मधला प्रकार. दोन-तीन महिन्यांच्या सीझनचे पैसे आधी भरायचे आणि मग खेळून खेळून टप्प्याटप्प्याने बक्षिसं मिळवायची. यात खरी मेख किमतीत नसून मुदतीत आहे. सीझन संपायला चार दिवस उरलेत आणि वीस टप्पे बाकी आहेत, की मूल जेवायला उठत नाही. मुदत घालायलाच हवी असं काही नाही. ‘हेलडायव्हर्स २’मधले पास एकदा घेतले की संपत नाहीत आणि ते घ्यायला लागणारं चलन खेळता खेळताही सापडतं. गेम निवडताना पास मुदतीचा की बिनमुदतीचा, हे पहिलं बघा.

सगळ्यात वाईट तुमच्या मुलाच्या वाट्याला आलेला प्रकार. पॅकमध्ये काय निघेल ते घेण्याआधी माहीत नसतं आणि जे निघतं त्याने मॅच जिंकायला मदत होते. नशीब आणि ताकद, दोन्ही एकत्र. पॅकच्या पडद्यावर शक्यता लिहिलेली असते, ती मुलाबरोबर बसून वाचा. सगळ्यात चांगल्या गटापुढे बहुधा ‘१ टक्क्याहून कमी’ असं असतं. समजा पुरता १ टक्का धरला. मुलांना वाटतं, शंभर पॅक उघडले की एक नक्की. हिशेब तसा नाही. प्रत्येक पॅकमध्ये न निघण्याची शक्यता ९९ टक्के. ती शंभर वेळा एकमेकींना गुणली की साधारण ३७ टक्के उरते. म्हणजे शंभर मुलांनी शंभर-शंभर पॅक उघडले तर त्यातली सुमारे ३७ तशीच रिकाम्या हाताने उठतील. शिवाय ती शक्यता गटाची असते. त्या गटातला त्याला हवा असलेलाच खेळाडू निघण्याची शक्यता आणखी कमी. आठवीच्या मुलाला हे गणित समजतं. कॅल्क्युलेटर त्याच्याच हातात द्या.

तुलनेसाठी ‘गेनशिन इम्पॅक्ट’ घ्या. तिथे पाच ताऱ्यांचं पात्र निघण्याचा मूळ दर ०.६ टक्के आहे, पण ९० व्या ओढीला (चिठ्ठी काढावी तसा एक प्रयत्न म्हणजे एक ओढ) ते नक्की देतात. एका ओढीला १६० रत्नं, म्हणजे वाईटात वाईट १४,४०० रत्नं. आणि तेव्हाही जे पात्र हवं होतं त्याऐवजी दुसरं निघू शकतं. ही हमीसुद्धा नसलेल्या पॅकमध्ये खर्चाला तळच नसतो.

चलनाचीही एक युक्ती समजून घ्या. अशा गेममध्ये रुपये बहुधा थेट खर्च होत नाहीत, आधी त्यांची नाणी होतात. समजा वस्तू ७५० नाण्यांची आहे आणि नाण्यांचे गठ्ठे ५०० आणि १,०५० चे आहेत. मग ५०० चा एक पुरत नाही म्हणून १,०५० चा गठ्ठा घेतला जातो आणि ३०० नाणी उरतात. ती कशालाच पुरत नाहीत, पण ‘वाया जाऊ नयेत’ म्हणून पुढचा गठ्ठा घ्यायला लावतात. घरात नियम करा : घेण्याआधी किंमत रुपयांत मोठ्याने सांगायची. ‘सातशे पन्नास’ म्हणणं आणि ‘सहाशे रुपये’ म्हणणं यात मुलालाही फरक जाणवतो.

या प्रकारावर बाहेर कारवाई झालेली आहे, त्यामुळे तुम्ही उगीच काळजी करताय असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बेल्जियमच्या जुगार नियामकाने एप्रिल २०१८ मध्ये काही गेममधल्या अशा, पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्या बेकायदा ठरवल्या. त्यानंतर ईएने जानेवारी २०१९ अखेर तिथे फिफाचे पॉइंट (पैसे देऊन घ्यायचं, पॅक उघडायचं चलन) विकणं थांबवलं. अमेरिकेत ‘फोर्टनाइट’च्या एपिक कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. त्यातले २४.५ कोटी फसव्या बटणांमुळे नकळत झालेल्या खरेदीच्या परताव्यासाठी होते. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख, पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. पॅकमधल्या खेळाडूचे गेम तुम्हाला रोख पैसे देत नाही, त्यामुळे या कायद्याने तुमचा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा ठेवू नका. फसव्या रचनांविरुद्ध केंद्राची नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. खोटी घाई लावणं आणि वर्गणीत अडकवून ठेवणं त्यात येतं. बंद करूनही वर्गणी कापली जात असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

गेलेल्या ६,३०० चं स्पष्टच सांगतो. प्लेस्टेशनवर खात्यात जमा झालेल्या गेममधल्या चलनाचा परतावा सहसा मिळत नाही. एकदा मागून बघा, पण बँकेकडे जाऊन व्यवहार उलटवू नका. तसं केलं तर कंपनी अकाउंटच बंद करू शकते आणि मग सगळी खरेदी त्याबरोबर जाते. मोबाइलवर कधी असं झालं तर गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत परतावा मागा. नंतर तो विषय गेम बनवणाऱ्याकडे जातो.

आता घरातली व्यवस्था. आज संध्याकाळी अर्ध्या तासात होईल.

आधी कार्ड काढा. मशीनच्या सेटिंग्जमध्ये युजर्स अँड अकाउंट्स, मग अकाउंट, मग पेमेंट अँड सबस्क्रिप्शन्स असं गेलं की जतन केलेलं कार्ड दिसेल. तुमचं आणि मुलाचं, दोन्ही अकाउंट तपासा, कारण मुलं अनेकदा आईच्या अकाउंटवरूनच खेळत असतात. दर खरेदीला ओटीपी येईल या भरवशावर राहू नका. परदेशी दुकानात जतन केलेल्या कार्डावर तो येईलच असं नाही. बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहारही बंद करून ठेवा.

मग फॅमिली अँड पेरेंटल कंट्रोल्स, त्यात फॅमिली मॅनेजमेंट. मुलाला मूल म्हणून जोडलं की महिन्याच्या खर्चाची मर्यादा ठरवता येते. हा खर्च पालकाच्या वॉलेटमधून होतो, म्हणून वॉलेटमध्ये ठरलेल्या रकमेच्या गिफ्ट कार्डाचा कोडच टाकायचा, कार्ड परत जोडायचं नाही. इथे नेहमी एक घोळ होतो. अकाउंट उघडताना मुलांनी जन्मसाल वाढवून लिहिलेलं असतं आणि मशीनच्या लेखी ते मूल तीस वर्षांचं असतं. अशा अकाउंटवर मुलांची बंधनं लागतच नाहीत. नवं अकाउंट काढलं तर संघ शून्यापासून बांधावा लागेल, म्हणून मुलगा ठाम नकार देईल. त्याच्याशी भांडू नका. जुनं अकाउंट राहू द्या, कार्ड त्यावर पुन्हा कधी जाणार नाही एवढं पक्कं करा.

ईएच्या फुटबॉल गेममध्ये प्लेटाइम नावाची सोय आहे. आठवड्याला किती पॅक उघडायचे, किती पॉइंट घ्यायचे, किती मॅच खेळायच्या याची हद्द तिथे घालता येते. ती मुलाला स्वतःलाच घालू द्या. आणि ‘अर्ध्या किमतीत पॉइंट’ किंवा ‘स्वस्त यूसी’ विकणारे इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामवर भेटतात, ते अकाउंटचा पासवर्ड किंवा ओटीपी मागतात. हे त्याला आजच सांगून ठेवा. त्यात पैसेही जातात आणि अकाउंटही.

रक्कम किती ठरवावी? आमच्या मते महिन्याला दोनशे-तीनशेच्या वर आठवीच्या मुलाला देऊ नये, आणि तेही पॅकवर नाही. ज्यात काय मिळणार हे आधी दिसतं तेच घ्यायचं. संघ पैशाशिवायही बांधता येतो : मॅच खेळून गेममधली फुकट नाणी मिळतात आणि त्या नाण्यांनी गेममधल्या बाजारात हवा तो खेळाडू नाव बघून घेता येतो. याला वेळ लागतो, पण संघ बांधण्याची खरी गंमत त्यातच आहे.

एक गोष्ट मुलाला अजून माहीत नसेल. हा गेम दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी नवा येतो आणि अल्टिमेट टीममधला संघ नव्या गेममध्ये नेता येत नाही. ६,३०० रुपयांचे खेळाडू पुढच्या सप्टेंबरअखेर जुन्या डिस्कबरोबर मागे राहतील. त्याच्या आधीच, वर्ष पुढे सरकतं तशी जास्त ताकदीची कार्डं सोडली जातात आणि दिवाळीतला हिरो उन्हाळ्यात राखीव बाकावर बसतो. सेवा बंद झाली तर त्याहून वाईट. ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये पैसे घेऊन विकला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि कपाटातल्या डिस्कनी काहीच चालेना. त्या रागातून युरोपात मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. ‘डेस्टिनी २’ने नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या मोहिमाच गेममधून काढून टाकल्या. म्हणजे सेवेवर टांगलेली पुरवणीसुद्धा मावसभावाच्या पुरवणीसारखी टिकेल याची खात्री नसते.

म्हणून पुढची डिस्क घेताना पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. ‘इंटरनेट आवश्यक’ फक्त ऑनलाइन मॅचपुरतं आहे की अख्ख्या गेमला, ते तिथे लिहिलेलं असतं. ‘गेममध्ये खरेदी’ या शब्दांशेजारी ‘अनिश्चित वस्तूंसह’ अशा अर्थाची ओळ असेल तर आत पॅक आहेत असं समजा. आणि फुटबॉलचीच डिस्क हवी असेल तर सप्टेंबरला रांगेत उभं राहू नका. डिसेंबर-जानेवारीच्या सेलमध्ये तीच डिस्क बरीच स्वस्त मिळते, आणि करिअर मोड तेव्हाही तितकाच चालतो.